मोकळ्या वेळातून मनाला विसावा कसा मिळवावा: तरुणांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

दिवसभराचा अभ्यास किंवा नोकरी उरकून रात्री अंथरुणावर पडलेल्या तरुणाला ‘आज मोकळा वेळ मिळाला का?’ असे विचारले, तर बहुधा ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याच दिवसाचा तासातासाचा हिशेब कागदावर मांडला, की मात्र त्यात एक-दोन तास असे निघतात, जे अभ्यासाचे नव्हते, कामाचे नव्हते आणि विश्रांतीचेही नव्हते. ते तास गेले, पण लाभले नाहीत. मानसिक स्वास्थ्याविषयी तरुणांशी बोलताना आपण ताण, स्पर्धा आणि अपेक्षा यांचा विचार करतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या वेळात हा ताण उतरायला हवा, त्या वेळाचे काय होते याकडे फारसे लक्ष जात नाही. हा लेख त्या वेळाविषयी आहे.

मराठीत या वेळासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतला तर पुढचे बरेच काम सोपे होते. थकलेल्या शरीराला आणि मनाला मिळणारी उसंत म्हणजे विसावा. रोजच्या चाकोरीतून मन थोडे दुसरीकडे वळवणारी हलकी गोष्ट म्हणजे विरंगुळा. आणि ज्या गोष्टीकडे आपण कोणी न सांगता पुन्हापुन्हा वळतो, जिच्यात हळूहळू हात बसतो, तो छंद. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये गंभीरपणे जोपासलेला फावला वेळ आणि सहज घालवलेला फावला वेळ अशी जी विभागणी मांडली, ती या शब्दांच्या जवळ जाणारी आहे. तिन्हींची मनाला गरज असते आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. झोप अपुरी असलेल्या मुलाला नवा छंद लावून देणे निरुपयोगी ठरते, आणि ज्याच्या आयुष्यात स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही त्याला केवळ अधिक आराम देऊन उभारी येत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. असंख्य तरुण मोकळा वेळ घेताना अपराधी वाटून घेतात; आपण अभ्यासातून किंवा कामातून काहीतरी चोरतो आहोत, असे त्यांना वाटते. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या २४व्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला आहे, आणि १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात तो १८ वर्षांखालील प्रत्येकासाठी खेळ आणि करमणूक यांच्यासह पुन्हा नोंदवला आहे. म्हणजे फुरसत हे चांगल्या गुणांबद्दल मिळणारे बक्षीस नव्हे. ती कमवावी लागत नाही.

या वयात तिची गरज अधिक असण्याचे कारणही आहे. आयुष्यात पुढे दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकाराचा सामना करावा लागतो. मन घडण्याचा आणि मन मोडण्याचा काळ असा एकच असल्यामुळे, या वर्षांत दिवस कसा जातो हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

पहिली पायरी: सात दिवसांची नोंद

काहीही बदलण्यापूर्वी आठवडाभर फक्त नोंद करावी. एक छोटी वही घ्यावी आणि दिवसातून तीन वेळा, म्हणजे दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, मधल्या काळातील मोकळा वेळ लिहून काढावा. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी पुरेत: काय केले, कोणासोबत केले, सुरू करताना मन कसे होते आणि संपवल्यावर कसे होते. मनःस्थितीला ० ते १० पर्यंत अंक द्यावा. शेवटी त्या वेळापुढे एक खूण करावी: तो वेळ आपोआप ‘गेला’ की तुम्ही तो ठरवून ‘दिला’.

ही नोंद खटाटोपाची वाटेल, पण तिच्यामागे भक्कम कारण आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकात लोकांना पेजर (संदेश येताच वाजणारे छोटे यंत्र) देऊन दिवसातील अनपेक्षित क्षणी ‘आत्ता तुम्ही काय करत आहात आणि तुम्हाला कसे वाटते आहे?’ असे विचारण्याची पद्धत वापरली. १९८९ मध्ये त्यांनी जुडिथ लेफेव्हर यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक विसंगती दिसली: कामावर असताना लोक अधिक वेळा तल्लीन झालेले आढळत, तरीही त्याच वेळी ‘आत्ता दुसरे काहीतरी करत असतो तर बरे’ असे म्हणत, उलट फावल्या वेळात तल्लीनता कमी असूनही तो वेळ संपू नये असे त्यांना वाटे. आपल्याला काय आवडते याविषयीची आपली समजूत आणि प्रत्यक्ष अनुभव यांत असे अंतर असते. आठवणीवर विसंबून फावल्या वेळाची निवड केली, की आपण त्याच त्या गोष्टींकडे वळतो ज्यांनी काल समाधान दिले नव्हते.

आठवड्याच्या शेवटी वही वाचताना स्वतःला दोष देऊ नये. फक्त दोन प्रकारच्या नोंदींभोवती वर्तुळ करावे: ज्यांच्यानंतर अंक वाढला त्या, आणि ज्यांच्यानंतर अंक घसरला त्या. बहुतेकांना इथेच एखादे आश्चर्य भेटते. टाळाटाळ करत, नाइलाजाने केलेल्या एखाद्या गोष्टीनंतर मन वर आलेले असते, आणि अधीर होऊन सुरू केलेल्या गोष्टीनंतर ते खाली गेलेले असते.

दुसरी पायरी: मनाची आजची पातळी मोजणे

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ पासून वापरात असलेली पाच प्रश्नांची एक सोपी मोजपट्टी आहे. गेल्या दोन आठवड्यांविषयी पाच गोष्टी स्वतःला विचारायच्या: मी आनंदी आणि प्रसन्न होतो का, मी शांत आणि निवांत होतो का, मला उत्साही आणि सक्रिय वाटत होते का, सकाळी उठताना ताजेतवाने वाटत होते का, आणि माझे रोजचे जीवन मला रस वाटेल अशा गोष्टींनी भरलेले होते का. प्रत्येकाला ‘सतत’साठी ५, ‘बहुतेक वेळ’साठी ४, ‘निम्म्याहून अधिक वेळ’साठी ३, ‘निम्म्याहून कमी वेळ’साठी २, ‘कधीकधी’साठी १ आणि ‘कधीच नाही’साठी ० गुण द्यावेत. बेरजेला ४ ने गुणले की १०० पैकी अंक मिळतो. तो ५० किंवा त्याहून कमी आला, तर मनाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याची वेळ आली आहे असे समजावे. तो २८ किंवा त्याखाली असेल, तर या लेखातील पायऱ्यांवर थांबून राहू नये. डॉक्टर किंवा समुपदेशकाची भेट आधी घ्यावी. हे निदान नव्हे, ते तज्ज्ञच करू शकतात. पण ताप मोजल्याशिवाय औषधाचा गुण आला की नाही हे कळत नाही, तसाच हा अंक तारखेसह वहीत लिहून ठेवावा.

पाचव्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. रस वाटणे ही गोष्ट इथे झोपेच्या आणि शांततेच्या बरोबरीने मोजली आहे, चैन म्हणून बाजूला ठेवलेली नाही.

तिसरी पायरी: आधी झोप, मग बाकी सारे

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास आणि तरुण प्रौढांना ७ ते ९ तास झोपेची शिफारस केली जाते. सकाळी साडेसहाला उठणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला किमान आठ तास हवे असतील, तर तिला साडेदहाला झोप लागलेली असायला हवी. अडचण अशी, की किशोरवयात शरीराचे घड्याळ नैसर्गिकरीत्याच पुढे सरकते. झोपेची वेळ सुचवणारे मेलॅटोनिन हे द्रव्य लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागते. रात्री लवकर झोप न येणे हा या वयातील आळस किंवा बेशिस्त नव्हे, हे घरच्यांनी विशेषकरून लक्षात घ्यावे.

या घड्याळाशी भांडण्यापेक्षा त्याला थोडे मागे सरकवणे शक्य असते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि सुट्टीच्या दिवशीही तिच्यात तासाभराहून अधिक फरक पडू देऊ नये. उठल्यावर लवकरात लवकर उघड्यावर जाऊन उजेड घ्यावा. कॅफीन शरीरातून निम्मे कमी होण्यास साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॅफीनचा अर्धा भाग रात्री दहाला शरीरात असतो. ते दुपारनंतर टाळावे. दिवसा डुलकी घ्यायचीच असेल तर अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी घ्यावी.

एवढे करूनही अनेक तरुण मुद्दाम जागतात, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा प्रत्येक तास कोणाच्या तरी मालकीचा असतो: शिक्षकांच्या, वरिष्ठांच्या, घरच्यांच्या. सारे झोपल्यावर उरणारे दोन तास तेवढे स्वतःचे असतात, आणि डोळे मिटत असतानाही ते सोडवत नाहीत. अशा माणसाला ‘लवकर झोप’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हाती उरलेले शेवटचे स्वातंत्र्य मागणे आहे. त्यावर शिस्तीचा उपाय चालत नाही. उपाय हा, की संध्याकाळी, अजून अंगात त्राण असताना, निदान अर्धा तास पूर्णपणे स्वतःचा काढायचा आणि घरच्यांना तो तसा सांगून ठेवायचा. दिवसात आपला वाटा मिळाला, की रात्रीकडून तो वसूल करण्याची निकड कमी होते. पालक हा लेख वाचत असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्या अर्ध्या तासात मूल काय करते याची चौकशी करू नका.

चौथी पायरी: काम मिटवणे

अभ्यासाचे पुस्तक मिटले तरी अभ्यास मनात उघडाच राहतो. साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाचा शीण उतरण्यासाठी उपयोगी पडणारे चार अनुभव मांडले: कामापासून मनाने दूर होणे, शिथिल होणे, काहीतरी नवे जमल्याचा अनुभव घेणे आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे. यांतला पहिलाच सर्वांत कठीण असतो, कारण ‘विचार करू नकोस’ असे मनाला सांगून ते ऐकत नाही.

मनाला आश्वासन द्यावे लागते, आणि ते कागदावर द्यावे लागते. काम संपवताना शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि उद्या काय करायचे, कुठून सुरू करायचे, हे नेमकेपणाने लिहावे. ‘गणित करायचे आहे’ असे नव्हे, तर ‘चौथ्या प्रकरणातील सातव्या उदाहरणापासून सुरुवात’ असे. २०१८ मध्ये ५७ निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांतील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, पूर्ण झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर आली. यादीनंतर वही आणि पुस्तके नजरेआड करावीत, कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत किंवा दुसऱ्या खोलीत जावे. एकाच खोलीत राहणाऱ्यांनी निदान बसण्याची जागा बदलावी. काम संपल्याची खूण शरीरालाही मिळायला हवी.

पाचवी पायरी: मोबाइलला शेवट देणे

मोबाइल वाईट आहे असे मी म्हणणार नाही. दूर राहणाऱ्या मित्राशी तासभर बोलणे, एखादे वाद्य शिकवणारा व्हिडिओ पाहून सराव करणे किंवा मित्रांसोबत खेळ खेळणे यांत मनाला खरोखर काही मिळू शकते. घात होतो तो हेतूशिवाय सरकवत राहण्यात. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते आणि पुस्तकाचे प्रकरण संपते. २००६ च्या सुमारास आलेल्या न संपणाऱ्या पानांच्या रचनेने ही थांबण्याची जागाच काढून टाकली. त्यात पुढची गोष्ट मनोरंजक निघेल की कंटाळवाणी हे आधी कळत नाही, आणि बक्षीस कधी मिळेल याची अनिश्चितता असली की प्राणी तेच कृत्य अधिक चिकाटीने करत राहतात, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. त्यामुळे ‘माझी इच्छाशक्तीच कमी आहे’ असे म्हणून स्वतःला कोसण्यात अर्थ नाही. शेवट त्या रचनेत नाही, म्हणून तो आपण बाहेरून आणायचा.

तो असा आणता येतो. ॲप उघडण्यापूर्वी कशासाठी आणि किती वेळ हे मोठ्याने म्हणावे. फोन आणि जवळच्या माणसांचे संदेश सोडून बाकी सर्व सूचना बंद कराव्यात. सर्वाधिक वेळ खाणारी ॲप पहिल्या पानावरून हलवून आतल्या फोल्डरमध्ये ठेवावीत, किंवा फक्त संगणकावर वापरावीत. रात्री मोबाइल झोपण्याच्या जागेपासून हात पोहोचणार नाही इतका दूर चार्जिंगला लावावा आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ वापरावे. या शेवटच्या एका बदलाचा फायदा मला इतर सर्वांपेक्षा मोठा वाटतो, कारण त्याने दिवसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही मोकळे होतात.

मोबाइल बाजूला ठेवल्यावर पहिले काही दिवस कंटाळा येतो आणि तो चांगलाच बोचतो. २०१४ मध्ये टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगात माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटे आपल्या विचारांसोबत एकटे बसवले होते. हवे तर एक बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य धक्का देण्याची सोय होती. १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी निदान एकदा तो धक्का घेतला. रिकामेपण सहन होत नाही हा तुमचा एकट्याचा दोष नाही. पण त्या कंटाळ्याला पाच-दहा मिनिटे बसू दिले, तर मन स्वतःच काहीतरी शोधू लागते, आणि पुढची पायरी तिथूनच सुरू होते.

सहावी पायरी: आपली गोष्ट शोधणे

‘मला कशाचीच आवड नाही’ हे वाक्य तरुणांकडून वारंवार ऐकू येते. ते बहुधा खरे नसते. आवड मारली गेलेली असते किंवा तिला संधी मिळालेली नसते. शोधाची सुरुवात वयाच्या दहाव्या वर्षापासून करावी. त्या वयात कोणी न सांगता तुम्ही काय करत होता, ते आठवून दहा ओळी लिहाव्यात: चित्रे काढणे, किडे निरखणे, वस्तू खोलून पाहणे, गोष्टी रचणे, झाडावर चढणे, गाणी पाठ करणे. त्यांतील तीन गोष्टी निवडून त्यांची आजच्या वयाला साजेशी रूपे ठरवावीत, आणि प्रत्येक गोष्ट निदान तीन वेळा करून पाहावी. पहिल्या वेळी अवघडलेपणच अधिक असते, म्हणून एका प्रयत्नात निकाल लावू नये.

करून पाहिल्यावर तीन प्रश्न विचारावेत. हे मी माझ्या इच्छेने करतो आहे का? यात मला हळूहळू काही जमू लागले आहे का? यामुळे मी कोणाशी जोडला जातो का? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार स्वायत्तता, क्षमता आणि आपुलकीचे नाते या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत. एकाच छंदाने तिन्ही भागाव्यात अशी अपेक्षा नको. एकट्याने चित्र काढताना पहिल्या दोन भागतील, संघात खेळताना तिसरी भागेल. मात्र तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गोष्ट कितीही प्रतिष्ठेची असली तरी तुमच्या फुरसतीच्या वेळात तिला जागा नाही. शिकवणीच्या वर्गासारखा लादलेला ‘छंदवर्ग’ हा अनेकदा असाच असतो.

अवघडपणाची मात्राही सांभाळावी लागते. काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार कठीण असेल तर धास्ती वाटते. कुवतीच्या थोडे वर असेल तेव्हा माणूस त्यात रमतो, वेळेचे भान हरपते. चिक्सेंटमिहाय यांनी ज्या तल्लीनतेचा आयुष्यभर अभ्यास केला ती हीच. त्यामुळे छंदाचा कंटाळा येऊ लागला तर तो सोडण्यापूर्वी थोडा अवघड करून पाहावा, आणि वैताग येत असेल तर एक पायरी खाली उतरावे. गिटारवरचे गाणे जमत नसेल तर आठवडाभर त्यातले दोनच सूर वाजवावेत.

इथे एका धोक्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आजच्या काळात तो फार वाढला आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्र काढण्याची आवड असलेल्या बालवर्गातील मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालेही. पण पुढे मोकळ्या वेळात कागद आणि रंग समोर ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी चित्र काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ त्यात रमली. आवडीने होणाऱ्या कामाला बाहेरचे मोल चिकटले, की आवड मागे सरते. आज कोणी दोन महिने छायाचित्रे काढू लागला, की लगेच त्याला समाजमाध्यमावर ‘पान’ सुरू करण्याचा, अनुयायी वाढवण्याचा, त्यातून पैसे मिळवण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही निदान एक छंद असा ठेवावा, ज्याचे कोणाला काही दाखवायचे नाही, ज्यात स्पर्धा नाही, प्रमाणपत्र नाही आणि जो अर्जात लिहायचा नाही. त्यात वाईट कामगिरी करण्याची पूर्ण मुभा स्वतःला द्यावी. दिवसभर मोजले जाणाऱ्या मनाला कुठेतरी न मोजलेले राहता यायला हवे.

शरीर हलवणारी एखादी गोष्ट मात्र या निवडीत असावीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार श्रमाची आणि प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. व्यायामशाळाच हवी असे नाही. भरभर चालणे, सायकल, नाच, पोहणे, मैदानी खेळ हे सारे चालते. ती उघड्यावर, झाडांमध्ये झाली तर अधिक चांगले. इंग्लंडमधील जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात आठवड्यात निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये चांगले आरोग्य आणि समाधान अधिक प्रमाणात आढळले, आणि ही मिनिटे एकदम काढली की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही.

सातवी पायरी: दिवसात जागा करून देणे

‘वेळ मिळाला की करीन’ असे ठरवलेली गोष्ट होत नाही. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर-तर’ची पद्धत इथे उपयोगी पडते: ‘संध्याकाळी घरी आलो आणि चपला काढल्या, की पंधरा मिनिटे पेटी (हार्मोनियम) वाजवेन.’ वेळ, जागा आणि आधीची क्रिया ठरलेली असली, की प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. सुरुवात १५ मिनिटांपेक्षा मोठी नसावी. साहित्य डोळ्यांसमोर आणि हाताशी ठेवावे. कपाटात बंद असलेले रंग बाहेर निघत नाहीत.

सवय २१ दिवसांत लागते असे सर्वत्र सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. त्याच अभ्यासातील दिलासा देणारी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत विशेष अडथळा आला नाही. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सुरू करावे, दुप्पट करून भरपाई करू नये.

आठवड्यात निदान एकदा फुरसतीचा वेळ माणसांसोबत घालवावा आणि निदान एकदा एकट्याने. कोणाला कोणते प्रमाण मानवते हे वहीतील ‘कोणासोबत केले’ ही नोंद सांगेल.

आठवी पायरी: कशातच मन लागत नाही तेव्हा

असे दिवस येतात, जेव्हा आवडती गोष्टही नकोशी वाटते. त्या वेळी आपण ‘मूड आला की करू’ म्हणून थांबतो. पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याचा अभ्यास करताना या थांबण्यातला फास दाखवला: मन खचले की माणूस सुखावणाऱ्या गोष्टी कमी करतो, त्या कमी झाल्या की सुखावण्याच्या संधी घटतात, आणि मन अधिक खचते. तो फास कृतीच्या बाजूने सैल करणे तुलनेने सोपे असते, कारण भावना आज्ञेने बदलत नाही, पाय मात्र उचलता येतो. म्हणून अशा दिवशी कृती अगदी बारीक करावी. फिरायला जायचे नाही, फक्त बूट घालून दारापर्यंत जायचे. पुस्तक वाचायचे नाही, एक परिच्छेद वाचायचा. आनंद झाला का हे त्या दिवशी पाहू नये. केले एवढीच नोंद करावी.

यानेही उभारी येत नसेल, तर पुढील खुणांकडे गांभीर्याने पाहावे. उदासी किंवा कशातही रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग टिकून आहे. झोप किंवा भूक फार वाढली अथवा फार घटली आहे. लक्ष लागत नाही. आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटते. माणसांना टाळावेसे वाटते. इथे छंद पुरत नाही आणि तो पुरावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्याकडे जावे. काय बोलावे हे सुचत नसेल तर वही सोबत न्यावी; तिच्यातल्या नोंदी आणि तो १०० पैकीचा अंक पुष्कळ काही सांगतो. जगणे नकोसे झाल्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये: विश्वासाच्या माणसाला त्याच क्षणी सांगावे, एकटे राहू नये, आणि तुम्ही राहता तिथल्या मदतवाहिनीला किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करावा.

मित्राने असे काही सांगितले, तर ‘सगळ्यांनाच होते’ किंवा ‘सकारात्मक विचार कर’ असे म्हणू नका. ‘तू सांगितलेस ते बरे झाले, किती दिवसांपासून असे वाटते आहे?’ असे विचारा आणि पुढे ऐका. त्याच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात घातला जात नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. गुपित ठेवण्याचे वचन मात्र अशा वेळी देऊ नका.

चार आठवड्यांनंतर

पहिल्या नोंदीला महिना झाला, की पाच प्रश्नांची मोजपट्टी पुन्हा भरावी. अंक दहा किंवा त्याहून अधिक वाढला असेल, तर तो बदल खरा मानावा आणि आहे तेच चालू ठेवावे. त्यात नवे काही घालण्याचा मोह टाळावा. अंक जिथल्या तिथे असेल, तर कोणत्या प्रश्नाचे गुण सर्वांत कमी आहेत ते पाहावे. ताजेतवाने वाटत नसेल तर झोपेच्या पायरीकडे परतावे, शांत वाटत नसेल तर काम मिटवण्याच्या, आणि रस वाटत नसेल तर आपली गोष्ट शोधण्याच्या. एका वेळी एकच बदल करावा. अंक घसरला असेल, तर वही घेऊन तज्ज्ञांकडे जाण्याची हीच वेळ.

परीक्षेच्या किंवा कामाच्या धामधुमीत हे सारे मोडून पडते आणि ते साहजिक आहे. अशा दिवसांसाठी एक लहान आवृत्ती आधीच लिहून ठेवावी: झोपेतून अर्ध्या तासापेक्षा अधिक कापायचे नाही, दिवसातून एकदा वीस मिनिटे बाहेर चालायचे, आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटे आपल्या छंदाच्या साहित्याला हात लावायचा. परीक्षेचे वेळापत्रक हाती आले, की पहिल्याच दिवशी या तीन ओळी त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहाव्यात, मग विषयांच्या तारखा मांडाव्यात.